भविष्यातली डिस्क

आषाढात फोंड्यात वीज पाहुण्यासारखी येते: चहा होईपर्यंत थांबते आणि जाते. त्या सकाळी ती आली, मी लिनक्सवाला कॉम्प्युटर लावला, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा विलाप. रूट डिव्हाइसची, म्हणजे सिस्टिम जिथे असते त्या डिस्कची, वाट पाहून थकलो म्हणे. अमुक यूयूआयडी अस्तित्वातच नाही. यूयूआयडी म्हणजे डिस्कच्या कप्प्याचं छत्तीस अक्षरी नाव. खाली कंसात ‘इनिटरॅमएफएस’ आणि लुकलुकणारी रेघ.

गणपतीची चवथ तोंडावर, वाड्यावरच्या घुमट वाजवून म्हणायच्या आरत्यांची पुस्तिका त्याच डिस्कवर. बॅकअप पेनड्राइव्हवर होता. पेनड्राइव्ह कुठे ठेवलाय, ते डिस्कवरच्या एका फायलीत लिहून ठेवलं होतं.

“तरी सांगत होते, खिडकीपाशी नको,” बायको म्हणाली. मी डबा उघडला. डिस्कच्या साटा केबलीच्या आडोशाला पालीनं दोन अंडी घालून ठेवलेली. ती हलवली, केबल काढली, पुसली, फुंकली, बसवली. विलाप जसाच्या तसा.

पणजीहून भाचा फोनवर. “मामा, एलएस स्लॅश डेव्ह स्लॅश एसडी स्टार मार.”

मारलं. डिस्कांची यादी यायला हवी होती; काहीच नाही.

“बायोसमध्ये डिस्क दिसते?”

बायोस म्हणजे मशीन उठण्याआधीचा सेटिंगांचा पडदा. तिथे दिसत होती, ठणठणीत. फक्त वर ‘साटा मोड: आयडीई’ लिहिलेलं.

“तो एएचसीआय होता ना? तू बदललास?”

आयडीई ही डिस्कशी बोलायची जुनी रीत, एएचसीआय नवी. मी बायोसमध्ये सासुरवाडीसारखा जातो: बोलावल्याशिवाय नाही.

भानगड अशी की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठला की आधी इनिटरॅमएफएस नावाचं गाठोडं मेमरीत सोडतो. डिस्कपर्यंत पोचायचे ड्रायव्हर त्यातच. मोड बदलला, म्हणजे आता ‘एएचसीआय’ऐवजी ‘एटीए पिक्स’ ड्रायव्हर हवा. एरवी गाठोड्यात तोही असतो. पण मी दोन वर्षांपूर्वी हुशारी करून सेटिंगमधलं ‘मोस्ट’ खोडून ‘डेप’ लिहिलं होतं: या मशीनला आज लागतील तेवढेच घ्या, बाकीचे घरी बसू देत. वाचलेल्या जागेत मी आजवर काही ठेवलेलं नाही. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची पहिली वर्दी दिली, तेव्हा एटी हार्डडिस्कखेरीज यात बहुधा कधीच काही चालणार नाही, असं लिहिलं होतं. त्याच्याकडे तेवढीच होती. विचार आमचा एकच. तो पुढे सुधारला.

मोड परत एएचसीआय केला, मशीन उठलं. उठताना कुरकुरलं: डिस्क शेवटची जोडल्याची वेळ भविष्यातली आहे. म्हटलं, असेल बुवा. आरत्या दिसल्यावर कोण भांडतं?

रात्री वीज गेली. सकाळी पुन्हा आयडीई. तीन दिवस हेच. केबल बदलली, भाच्याला शिव्या घातल्या, डिस्कचा नारळ बोलून झाला. चौथ्या दिवशी बायोसच्या कोपऱ्यात नजर गेली: 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. वीज गेली की मशीन सगळं विसरून कारखान्यातल्या सेटिंगांवर जायचं, आणि त्याच्या लेखी कालचा दिवस अजून उजाडायचा होता.

सेल सीआर 2032, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडे पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. शटर खाली. चारपर्यंत समोरच्या पागोळ्या मोजल्या. चारला तो जांभई देत आला, मी मेलेला सेल पुढे केला.

“कितें, घड्याळ फाटीं पडटा?”

“पडतं.”

“कितलें?”

“सोळा वर्षं.”