किती ब्रास?

माझ्याकडे जे स्पीकर आहेत त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात, आणि ते बुकशेल्फवर ठेवायचे नसतात. हे मला ते विकणाऱ्या मित्राने पैसे मोजून घेतल्यावर सांगितलं. त्याची बदली झाली होती. जाता जाता म्हणाला, "भिंतीला चिकटवू नको, मागे दीड-दोन फूट जागा सोड, आणि कानाच्या उंचीला ठेव. स्टँड घे एक जोडी."

मी स्टँडची किंमत पाहिली. स्पीकर मला आठ हजारांना पडले होते, आणि हे दोन काळे खांब साडेसहा हजारांना. मनात म्हटलं, आपण नागपूरचे. लाकडासाठी लकडगंज आहे, लोखंडासाठी इतवारीत अख्खी लोहा ओळी आहे. खांब काय विकत आणायचे?

तोवर स्पीकर बैठकीतल्या शोकेसवर बसले. या स्पीकरांना पाठीमागे एक भोक असतं, बासची हवा तिथूनही बाहेर पडते. मागे लगेच भिंत आली की बास नको तेवढा फुगतो. माझ्याकडे डग्ग्यावर थाप पडली की शोकेसमधले कप किणकिणायचे. शेजारच्या काकाजींनी एकदा कुंपणावरून विचारलं, "बोअर मारून राहिले का तुम्ही?" त्या संध्याकाळी सौ.ने दोन्ही भोकांत माझे मोजे कोंबले. हा खरोखरीचा उपाय आहे, जाणकारसुद्धा करतात. फक्त ते धुतलेले मोजे घेत असावेत.

मग एका रविवारी आम्ही घरातले कान मोजले. स्पीकरमध्ये वरती जो छोटा गोल असतो तो ट्वीटर, बारीक आवाजाचा. बास हा फोडणीच्या वासासारखा असतो, कुठेही बसा, पोचतोच. ट्वीटरचं तसं नाही. त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो, म्हणून तो कानाच्या रेषेत लागतो. मुलाने टेप धरली. मी सोफ्यावर ताठ बसलो तर माझा कान जमिनीपासून 38 इंच. टेकलो की 35. संगीत रंगात आलं की मी जसा बसतो, म्हणजे जवळजवळ आडवा, तसा 29. सौ. सोफ्याच्या हातावर टेकते, कारण तिला दर तीन मिनिटांनी गॅसकडे पाहायचं असतं: 43. आई दिवाणावर मांडी घालून बसली होती. टेप जवळ आल्याबरोबर म्हणाली, "माझे कान कायले मोजतो? मले ऐकू येते." शेवटी कर्ता पुरुष ताठ बसतो असं गृहीत धरून 38 ठरले. स्पीकरच्या बुडापासून ट्वीटर 10 इंचांवर. राहिले 28.

आकडा घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. दिवस मार्चअखेरचे. त्या दिवसांत आमच्याकडचा वेल्डिंगवाला एकच वस्तू बनवतो. दुकानापुढे फुटपाथवर लोखंडी अँगलचे चौपाये एकावर एक रचलेले असतात.

"भाऊ, स्टँड बनवायचा होता."

"हाइट?"

"28 इंच."

"आहे नं तयार. कूलर कोणता आहे, दोन फुटी?"

"कूलरचा नाही, स्पीकरचा."

त्याने चौपायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेच नं भाऊ."

मी समजावलं की चार पाय नकोत, मधोमध एकच खांब, वर-खाली पाट्या आणि खांब पोकळ, कारण त्यात रेती भरायची. रेतीने खांब जड होतो, स्पीकरबरोबर थरथरत नाही, मोकळ्या डब्यासारखा वाजतही नाही. त्याने काळा चश्मा कपाळावर चढवला. "स्टँडमंधी रेती? कोणं सांगतलं तुम्हाले?" आवाजात काळजी होती. मी स्वतःच करायचं ठरवलं.

लकडगंजात 18 मिलिमीटर प्लायचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळाले. बुडाला बारा बाय बारा, वर आठ बाय दहा, असे दोन-दोन कापून घेतले. कापणारा म्हणाला, "पाट चांगले होतील." लोहा ओळीत खांबातून आरपार जाणारी, दोन्ही टोकांना नट लावून आवळायची आट्यांची सळई मागितली. दुकानदाराला कळेना. मी हाताने पिळून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "चूडीवाला रॉड बोलो ना." चार इंची पीव्हीसी पाइप प्लंबिंगच्या दुकानातून. तिथे मात्र कोणी काही विचारलं नाही. चार इंची पाइप घेऊन जाणाऱ्या माणसाला घरची अडचण विचारायची नसते.

राहिली रेती. आमच्याकडे बांधकामाला कन्हानची रेती नावाजलेली, तीच हवी होती. चौकात एक ट्रक उभा होता, शेजारी खाट टाकून मालक.

"रेती पाहिजे होती."

"किती ब्रास?"

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. माझ्या दोन पाइपांना मिळून लागणार होती 11 लिटर. मी घरी हिशेब केला होता आणि त्याच्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. एका ब्रासमध्ये माझ्यासारखी अडीचशे गिऱ्हाइकं आटोपली असती.

"एक बादली," मी म्हणालो.

तो खाटेवरून उठून बसला. "मांजरीसाठी का?"

"स्पीकरसाठी."

बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने पोराला हाक मारली, "अबे, काकाजीले एक बादली भरून दे. पैसे नोको घेऊ." आयुष्यात मला इतक्या दयेने कोणी काही फुकट दिलेलं नाही.

रेती ओली असून चालत नाही. ओली भरली तर प्लाय फुगतो. म्हणून ती चाळली, धुतली आणि गच्चीवर जुन्या चादरीवर पसरली. एप्रिल लागला होता, ऊन 42 च्या पुढे, रेती दोन तासांत खडखडीत. पण त्या उन्हावर माझा एकट्याचा हक्क नव्हता. शेजारच्या चादरीवर आईच्या कुरोड्या होत्या. दुपारी चारला वावटळ आली. आमच्या उन्हाळ्यात ती येतेच, आणि येताना वर्दी देत नाही. मी धावत जाऊन माझी चादर दुमडली. आधी कोणती चादर दुमडायला हवी होती, हे मला त्यानंतर तीन दिवस दोन पिढ्यांनी सांगितलं. त्या वर्षीच्या कुरोड्या तळल्यावर फुलल्या छान, पण दाताखाली कन्हान लागायची.

जोडणीबद्दल फार सांगत नाही. एवढंच सांगतो की बुडाच्या पाटीला सळईसाठी पाडलेलं भोक सळईपेक्षा किंचित मोठं झालं होतं. पहिला खांब रात्री अकराला उभा करून, रेती भरून, वरचा नट आवळून मी दोन पावलं मागे सरलो. सुरेख दिसत होता. तेवढ्यात बारीक आवाज आला, सर्रर्र. पाटीखालून, जिथे नट बसवला होता तिथून, रेतीची शेवयीएवढी धार फरशीवर उतरत होती. न थांबता, एका लयीत. खाली छोटा डोंगर होत होता, आणि मी बोट लावलं की धार बोटाच्या दुसऱ्या बाजूने येत होती. पाणी पिण्यासाठी उठलेला मुलगा थोडा वेळ ते पाहून म्हणाला, "बाबा, याच्यात किती वाजले ते कळते का?" दुसऱ्या दिवशी खांब उपसून एम-सीलने भोकं बुजवली.

स्टँडच्या बुडाला टोकदार पाय लावतात. फरशीवर चरा पडू नये म्हणून मी प्रत्येक टोकाखाली रुपयाचं नाणं ठेवलं, एकूण आठ. आठवड्याने पाच उरली. चौकशी केली नाही.

एकदाचे दोन्ही खांब काळे रंगवून बैठकीत उभे राहिले. सासरे आले होते. म्हणाले, "जावईबापू, संडासाचा पाइप बैठकीतून काढला काय?" मी लक्ष दिलं नाही. दोन्ही स्पीकरांत सहा फूट, त्यांच्यापासून माझ्यापर्यंत सहा फूट, असा त्रिकोण साधून ताठ 38 इंचांवर बसलो. तानपुरा लागला. आणि खरं सांगतो, फरक होता. डग्गा डग्ग्यासारखा वाजला, कप गप्प राहिले, आणि दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे नुसती भिंत होती, तिथे गायक बसला. मी हात पुढे केला असता तर त्याच्या गुडघ्याला लागला असता.

"किती गरम होऊन राहिलं," म्हणत सौ.ने कूलर सुरू केला.

आमचा कूलर बाल्कनीत खिडकीबाहेर असतो. दोन फुटी पंखा, लोखंडी पत्र्याचं खोकं, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या. त्याचा स्टँड वर्षानुवर्षं पाणी पिऊन गंजला होता आणि डावा पाय खालून झिजला होता, त्यामुळे खोकं पंख्याबरोबर खडखडायचं. तानपुरा गेला. मग गायक गेला. कूलर बंद केला की संगीत साडेतीन मिनिटं टिकायचं, त्यापुढे माणूस टिकत नाही. मे संपेपर्यंत मी पहाटे पाचला उठून ऐकलं. त्या वेळी ऐकायचे ते सकाळचे राग मला मुळात आवडत नाहीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कूलरचा तो पाय मोडला. खोकं पाण्यासकट तिरपं झालं, सौ. ओरडली, मी धावलो, खांद्याने ते तोलून धरलं आणि "काही तरी द्या खाली!" म्हणालो. मुलाने जे हाताशी होतं ते आणलं. 28 इंच. आठ बाय दहाची पाटी कोपऱ्याखाली अशी चपखल बसली, जणू माप कूलरचंच घेतलं होतं.

पंखा पुन्हा सुरू केला. नुसती हवेची घोंघों. खडखड नाही. नऊ किलो रेतीने सगळी थरथर पिऊन टाकली होती. आतून तानपुरा ऐकू येत होता, एकेक तार वेगळी, फक्त उजव्या बाजूने.

डावा स्पीकर शोकेसवर ठेवला. भोकात मोजा घातला. सौ. बाल्कनीत वाकून कूलरच्या दुसऱ्या पायाकडे पाहत होती.

"हाही गंजलाच आहे, अहो."