तुझो आकडो किती?

हापूसची पेटी उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. मालवणात ऐन मे महिन्यात आंबेवाल्याची कंबर धरणं म्हणजे पंगत बसल्यावर वाढप्यानं आडवं होणं. गड्यांनी मला पेटीसारखंच जपून रिक्षात ठेवलं आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे उतरवलं.

आधी शेक. कॅनव्हासच्या पिशवीत कसलीशी माती, ती ७०-७५ अंशांच्या पाण्यात मुरवलेली. टॉवेलांच्या घड्या घालून ती पाठीवर. बाहेर कौलं तापलेली, आत घामाच्या धारा, आणि या उकाड्याचे पैसे मीच मोजणार! मग अल्ट्रासाऊंड. त्या लहरींना मधली हवा चालत नाही, म्हणून जेल. ते शहाळ्याची थंड मलई पाठीवर थापावी तसं लागलं. सेकंदाला दहा लाख कंपनं म्हणे. मला एकही पोचलं नाही.

खरी गंमत आयएफटीची, म्हणजे दुखऱ्या जागी हलका करंट सोडणाऱ्या मशीनची. चार पॅड फुलीसारखे लावायचे. एका जोडीतून सेकंदाला ४००० आवर्तनांचा प्रवाह, दुसरीतून ४१०० चा. दोघांची गाठ कमरेत पडली की उरतो तो १०० चा फरक, आणि त्याच्या मुंग्या येतात. मुंग्यांनी दुखणं कसं थांबतं, हे मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं: मज्जारज्जूत एक दार असतं. मला ते लगेच पटलं. बाजारच्या दिवशी एसटीच्या दारात टोपल्या घेऊन बायका आधी घुसल्या, की मागच्याला आत शिरायला जागा राहते का? तसंच दुखण्याचं.

पडद्यापलीकडे मासे विकणारी एक आजी गुडघ्याला पॅड लावून पडली होती.

"झिला, तुझो आकडो किती?"

मशीनवरचा करंटचा आकडा बघून मी म्हटलं, "चौदा."

"माझो सव्वीस!"

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? "वाढवा," मी म्हटलं.

"काका, बरं वाटेल एवढंच ठेवायचं. आणि मशीन नुसतं दुखणं हलकं करतं हं, पुढचं काम व्यायामाचं." (व्यायामाचा कागद घरी टीव्हीखाली सुखरूप आहे.) 'काका' करंटपेक्षा जोरात लागलं. अठरा, वीस, बावीस... मुंग्या जाऊन आंब्यावरचे लाल हुमले चावायला लागले. दात आवळून चोविसावर पोचलो, आणि लाईट गेली.

पंखा थांबला. मशीन आता शून्यापासून. म्हणजे आजी आणि मी बरोबरीत! त्या आनंदात मी तिला वाचलेलं सांगितलं. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य होता. पायाच्या सांध्यांत भडका उडालेल्या माणसाला तो ओल्या किनाऱ्यावर, झटका देणाऱ्या जिवंत माशावर उभा करायचा. मासा पाकटाच्या भावकीतला. पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाला की झालं.

पलीकडे बराच वेळ सामसूम.

"गुडघ्यापर्यंत?"

"हो."

"तो मासो जाळ्यात येता मरे! आमचे झील लाथ मारून परत दर्यात टाकतत."

तेवढ्यात लाईट आली. पंखा कुरकुरला. मुलीनं पडद्याआड जाऊन बटणाला हात घातला. "आजी, कितीवर ठेवू?"

"थांब गो बाय. आदी माका माशाचो भाव ठरवूक दी."