समईची वात, खोबरेल आणि छाती

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सार असं: 'व्हेपचं (ई-सिगारेटचं) विकतचं लिक्विड म्हणजे नुसतं केमिकल. त्याऐवजी खोबरेल किंवा कुठलंही ग्लिसरीन घ्या, निलगिरीचे दोन थेंब टाका, देवघरातली कापसाची वात घाला. शंभर टक्के नैसर्गिक, निघते ती फक्त पाण्याची वाफ.'

इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला हे पटलं. रविवारी जेवायला आला तो खोकतच. "मामा, हे ओढलंच जात नाहीये, बघ ना जरा," म्हणाला. व्हेपची टाकी उघडली तर आत खोबरेल पांढरं थिजून बसलेलं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि हा खोलीत हीटर लावत नाही. वात मधोमध जळून कॉइलला, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, चिकटली होती. नखाने ओढली तर काळा चुरा हातात आला. त्याला जे बोललो तेच इथे लिहितोय.

पाण्याच्या वाफेचं आधी मिटवतो. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. कॉइल तापली की त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि तेच आपण ओढतो. पाणी त्यात नावापुरतं.

आता तेल. खरा घात इथेच आहे. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल पाण्यात विरघळतात, तेल विरघळत नाही. श्वासावाटे गेलेलं तेल वायुकोशांत साचतं. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाही, आणि फुप्फुसाला सूज येते. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. व्हेप जन्मायच्या कितीतरी आधी, नाकात तेलाचे थेंब सोडत राहणाऱ्या रुग्णांत डॉक्टरांनी तो पाहिला होता. 'खोबरेल तर आपण खातो' हे म्हणणं म्हणूनच फसवं आहे. पोटाला चालतं ते छातीला चालेलच असं नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये हेच दिसलं. व्हिटॅमिन ई ॲसिटेट हा तेलकट पदार्थ गोळ्यांत आणि क्रीममध्ये सर्रास असतो. गांजातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी, त्याच्या व्हेपच्या काडतुसांत तो भेसळ म्हणून घातला गेला. तेव्हा व्हेप ओढणाऱ्यांत आढळलेल्या फुप्फुसांच्या आजारात फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेले आणि दगावलेले मिळून २,८०७ जण नोंदले गेले, त्यांत ६८ मृत्यू होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत हा पदार्थ सापडला.

निलगिरीचंही तेच. वाफारा घेताना पातेल्यातलं पाणी शंभर अंशांवर थांबतं, कॉइल दोनशेच्याही पुढे जाते.

'ग्लिसरीन कुठलंही चालतं' हे वाचून तर मला मुंबईचं जे. जे. रुग्णालय आठवलं. १९८६ साली तिथे उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये, म्हणजे ग्लिसरीनमध्येच, डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला होता. हे सगळं रुग्णालयाच्या आत घडलं. मग हातापायांना लावायची सुटी बाटली कशाच्या भरवशावर छातीत ओढायची?

राहिली वात. समईची आणि व्हेपची वात दोन्ही कापसाच्या, दोन्ही खालून द्रव शोषून वर चढवतात. पण समईची वात टोकाला जळण्यासाठीच असते, काजळी धरली की आपण ती झटकतो. व्हेपची वात कधीच जळायला नको. ती ओली असेपर्यंत कॉइलची उष्णता द्रव उडवण्यात खर्च होते. कोरडी पडली की उष्णता कापसात शिरते, घशाला करपट झटका बसतो. अति तापलेल्या ग्लिसरीनमधून ॲक्रोलीन सुटतं. कढईत तेल जळल्यावर डोळ्यांना झोंबतं ना, तेच ते. म्हणून व्हेपसाठीचाच स्वच्छ, न रंगवलेला कापूस घ्यायचा. तो कॉइलमधून किंचित अडखळत सरकला पाहिजे. घट्ट बसला तर द्रव चढत नाही, सैल बसला तर गळतो. नवा कापूस भिजवून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मगच बटण दाबायचं. ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड दाट असतं, ते बारीक भोकांच्या कॉइलला पुरत नाही. गोड लिक्विडची साखरी पुटं कॉइलवर लवकर चढतात. चव बदलली की कापूस काढून टाकायचा, पुढची बाटली संपायची वाट बघायची नाही.

मजकुराच्या शेवटी 'ब्रिटिश सरकार म्हणतं, व्हेप ९५ टक्के सुरक्षित' असंही आहे. २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हाच्या सरकारी आरोग्यसंस्थेने दिलेला तो अंदाज सिगारेटच्या तुलनेतला होता: सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक. मी एकोणीस वर्षं सिगारेट ओढली आणि व्हेपवर येऊन सोडली, त्यामुळे त्या तुलनेची किंमत मला माहीत आहे. पण भाच्याने आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही. त्याची तुलना स्वच्छ हवेशी. शिवाय इथे ब्रिटनमध्ये विकत मिळणाऱ्या निकोटीनच्या लिक्विडला नियम आहेत: मिलिलिटरला निकोटीन २० मिलिग्रॅमच्या वर नाही, जीवनसत्त्वं घालायला मनाई. घरच्या खोबरेलाला तो ९५ टक्क्यांचा आकडा लागूच होत नाही.

भारतात तर २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळंच बंद आहे. तिकडे हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

ज्यांनी तेल ओढून झालंय त्यांनी ते आजच थांबवावं. खोकला, धाप, छातीत दुखणं किंवा ताप असेल तर डॉक्टरकडे जावं आणि काय ओढलं ते तेलाच्या नावासकट सांगावं. नुसतं 'खोकला आहे' म्हटलं तर तेलाचा संशय सहसा येत नाही. भाच्याला सोमवारी मीच घेऊन गेलो, टाकी पिशवीत घालून.