यथावकाश

"मावशी, वाच हं. चित्रांचीच पुस्तकं आहेत, दमायला नाही होणार," असं म्हणून भाची माझ्या पलंगावर सात पुस्तकं ठेवून पुण्याला निघून गेली. ती चोवीस वर्षांची, मी चोपन्नची. वाचून दमण्याचं वय मला लागलंय अशी तिची समजूत. मी चिडून त्याच रात्री पहिलं पुस्तक उघडलं आणि एका बैठकीत संपवलं.

गोष्ट फार करुण होती. जपानमधल्या एका शाळेतल्या दोन मुली. सुरुवातीला एकमेकींच्या खूप जवळच्या. मग हळूहळू बोलणं अवघडत जातं, मग त्या एकमेकींना आडनावाने हाक मारू लागतात, मग ओळखही उरत नाही. शेवटी त्यातली धाकटी एकटीच बसलेली, आणि प्रेमगीतांतले शब्द आपल्याला काही केल्या लागू पडत नाहीत असं तिच्या मनात चाललेलं. मला भरून आलं. संवाद मधूनमधून तुटक वाटत होते, पण मी कॉलेजात नवकविता वाचलेली बाई आहे. तुटक वाटण्याचं मला काही वाटत नाही.

रात्री साडेबाराला भाचीला मेसेज टाकला, "किती गं वाईट झालं त्यांचं!"

उत्तर आलं, "मावशी, तू उलटं वाचलंस."

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. म्हणजे आपण ज्याला मागचं कव्हर म्हणतो ते पुढचं. इंग्रजी भाषांतरातही चित्रं तशीच ठेवतात, आणि माझ्यासारख्यांसाठी एका पानावर तशी सूचनाही छापतात. मी ते पान पाहिलं होतं. प्रकाशकाचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. बँकेत तीस वर्षं लोकांना "फॉर्मवरच्या सूचना वाचत जा हो" असं ओरडून सांगणारी मी!

दुसऱ्या दिवशी सुलटं वाचलं. त्या दोघी एकमेकींपासून लांब जात नव्हत्या, जवळ येत होत्या. मात्र ज्या गतीने येत होत्या ती बघता कुठल्याही बाजूने वाचलं तरी फारसा फरक पडत नव्हता.

या प्रकाराला 'यूरी' म्हणतात. यूरी म्हणजे लिलीचं फूल. मुली-मुलींच्या, बायका-बायकांच्या प्रेमाच्या गोष्टींना ते नाव कसं पडलं, तर १९७६ साली एका जपानी मासिकाच्या संपादकाने स्त्री-वाचकांच्या पत्रांच्या सदराला 'लिली-जमातीची खोली' अशा अर्थाचं नाव दिलं. ते मासिक पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं, आणि त्याचं नाव गुलाबावरून होतं. पुरुष गुलाब, म्हणून बायका लिली, असा त्यांचा हिशेब. आमच्याकडे हळदीकुंकवाला गुलाब बायकांनाच देतात, पण ते असो.

मी वाचत होते त्या मालिकेचं नाव 'यागाते किमि नि नारु'. काढणारी नाकातानी निओ. २०१५ ते २०१९ या काळात ती एका मासिकात येत होती, पुस्तकरूपाने आठ भाग झाले. 'यागाते'चा अर्थ शोधला. कालांतराने, यथावकाश. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. 'यथावकाश कळवण्यात येईल' या वाक्याचा अर्थ नोकरी केलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

धाकटी युउ. तिला एका मुलाने मागणी घातली आहे आणि तिला आतून काहीच होत नाही. गाण्यांत म्हणतात ते पंख फुटणं वगैरे काही नाही, पाय जमिनीवरच. थोरली तोउको, एक वर्ष पुढे, हुशार, सगळ्यांची लाडकी. तिलाही आजवर कोणी आवडलेलं नाही, म्हणून युउला वाटतं, चला, आपल्यासारखी एक भेटली. आणि तेवढ्यात तोउको म्हणते, मला बहुधा तू आवडायला लागलीस. झाली पंचाईत. युउला तर अजून आपलं आपल्यालाच कळलेलं नाही. ते कळण्यात पुढचे भाग जातात.

मी दोन भाच्यांची आणि एका चुलत दिराची लग्नं जमवलेली बाई आहे. मला हे सहन होत नव्हतं. पत्रिका नका बघू, पण निदान समोरासमोर बसवून पोहे तरी द्या! इथे पानंच्या पानं नुसता जिना. रिकामा वर्ग. आगगाडीचं फाटक. पाण्यात पडलेलं ऊन. एका चौकटीत फक्त तीन टिंबं. ती टिंबं वाचताना माझा साबुदाणा दोनदा खाली लागला.

त्यात हाका. जपानीत आधी आडनाव, पुढे मानाची शेपटी. वरच्या वर्गातली असेल तर 'सेंपाई'. आडनावावरून नावावर येणं ही तिथे घटना असते, तिच्यावर अख्खं प्रकरण निघतं. तोउको लवकरच 'युउ' म्हणू लागते, पण युउचं आपलं तोउकोच्या आडनावावरचं 'नानामी सेंपाई, नानामी सेंपाई' चालूच. मी वैतागून एकदा पुस्तक आपटलं. मग आठवलं, माझ्या लग्नात ह्यांचं नाव घ्यायला मला चांदीची वाटी, रुप्याचा चमचा आणि दाराबाहेरची तुळस एवढं सामान लागलं होतं. आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं 'अहो'. त्या मुलीला मी काय नावं ठेवू?

दुसरी गंमत 'सुकी' या शब्दाची. आमच्या घरात सुकी म्हणजे बटाट्याची भाजी. त्यांच्याकडे सुकी म्हणजे आवडणं, आणि तोच शब्द प्रेमालाही. समोरचीने तो उच्चारला की ऐकणारीने ठरवायचं, मी तिला कशी आवडते? मैत्रीण म्हणून की कशी? भाचीला वाटलं, ही जपानीची खासियत मला समजावून सांगावी लागेल. मी म्हटलं, अगं, 'मला आमरस आवडतो' आणि 'मला तू आवडतेस' यात मराठीने तरी कुठे वेगळं क्रियापद दिलंय? प्रेमाचा संशय आला की आपण लगेच हिंदीत किंवा इंग्रजीत जातो. मराठीत राहिलं की संशयाचा फायदा मिळतो.

घरी वेळ पुरेना म्हणून तिसरा भाग लोकलमध्ये काढला. लेडीज डब्यात लोक आपलं पुस्तक वाचतात ही समजूत चुकीची आहे. लेडीज डब्यात सगळ्या मिळून आपलं पुस्तक वाचतात. माझ्या डावीकडे रोज शिंदेताई असतात. नर्स आहेत, रिटायरमेंटला एक वर्ष राहिलंय. उजवीकडून वाचायच्या पुस्तकात डावं पान हे पुढचं पान. त्यामुळे पुढे काय होणार ते शिंदेताईंना माझ्याआधी कळायचं आणि त्या "अगं बाई!" म्हणायच्या. मग मी घाईने उजवं पान संपवून तिकडे जायचे, तर तिकडे नुसती खिडकी आणि तीन टिंबं.

"अहो, यात 'अगं बाई' काय आहे?"

"हात बघा की तिचा. आधीच्या पानावर खिशात होता."

सलाइन लावून लावून तयार झालेली नजर ती. चौथ्या भागापर्यंत समोरच्या बाकावरच्या, मेथी निवडणाऱ्या काकूही चौकशी करू लागल्या. "त्या दोघींचं जमलं का?" शेजारच्या कॉलेजकन्येने मोबाइलमधून डोकं वर काढून विचारलं, "काकू, तुम्ही यूरी वाचता?" तिच्या आवाजात आदर होता की काळजी, ते ठाण्यापर्यंत कळलं नाही. काकूंचं ठाम मत, "मैत्रिणीच आहेत हो त्या." त्यावर शिंदेताई म्हणाल्या, "मैत्रिणी असत्या तर एव्हाना भांडल्या असत्या."

आणि मग, मुलुंड जाताना, कुणाकडेच न बघता त्यांनी सांगितलं. "आमच्या नर्सिंगच्या होस्टेलला होत्या अशा दोघी. एकीचं लग्न ठरलं. दुसरीने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. आणि तीन दिवस जेवली नाही."

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. पुढच्या स्टेशनपर्यंत डब्यात माझ्या आठवणीतली पहिली शांतता होती.

त्या रात्री मी जरा खोलात गेले. जपानमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलींच्या शाळा निघाल्या, वसतिगृहं झाली, आणि थोरल्या-धाकट्या मुलींच्या अशा जोड्या जमू लागल्या. चिठ्ठ्या, रिबिनी, रुसवेफुगवे. त्याला 'एस' म्हणत, इंग्रजी सिस्टरमधला एस. घरचेही फार मनावर घेत नसत, कारण शाळा संपली की लग्न आणि लग्न झालं की एस संपला, असं गृहीतच होतं. मुलींच्या मासिकांत या गोष्टी धो धो छापून येत. पुढे १९६८ चं नोबेल मिळालेल्या कावाबातांच्या नावावरही अशी एक कादंबरी आहे. तिचा मसुदा मात्र नाकाझातो त्सुनेको या बाईंचा. टिपण कोण लिहितं आणि सही कोणाची असते हे मला ठाऊक असल्यामुळे मी तिथे थांबले नाही.

थांबले ती योशिया नोबुकोपाशी. जन्म १८९६. १९१६ पासून तिने मुलींसाठी फुलांच्या नावांच्या गोष्टी लिहिल्या, बावन्न. त्या काळातली प्रचंड खपाची लेखिका. आणि तिच्या स्वतःच्या गोष्टीत एस शाळेबरोबर संपला नाही. १९२३ मध्ये तिला मोन्मा चियो भेटली, गणिताची शिक्षिका. १९७३ साली नोबुको गेली तोवर दोघींची साथ सुटली नाही. लग्न करता येत नव्हतं. म्हणून १९५७ मध्ये नोबुकोने चियोला रीतसर दत्तक घेतलं. कागदोपत्री मुलगी. म्हणजे कायद्याने कुटुंब तरी झालं.

इथे माझं हसू गेलं, ते बँकेमुळे. आमच्याकडे ठेवीला नॉमिनी कोणालाही करता येतं. फॉर्मवर नात्याचा एक रकाना असतो. तीस वर्षांत त्या रकान्यात 'मैत्रीण' लिहिलेले दोन फॉर्म माझ्या हातून गेले. दोन्ही वेळा मी चश्म्यावरून बघत विचारलं होतं, "का हो, रक्ताचं कोणी नाही का?" एक बाई म्हणाल्या होत्या, "आहेत. म्हणूनच." मला ते तेव्हा उद्धट वाटलं होतं. शिक्का जरा जोरातच मारला मी.

बरं, जुन्या गोष्टींचे शेवटही बघवत नाहीत. मांगातली, म्हणजे जपानी चित्रकथांतली, पहिली यूरी म्हणून जिचं नाव घेतात ती यामागिशी र्‍योकोची, १९७१ ची, फ्रान्समधल्या वसतिगृहात घडणारी. त्यात एकीचा जीव जातो. आमच्याकडे तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' आली १९८१ मध्ये. तिथेही मित्रा जातेच. अशा मुलीला तिसऱ्या अंकापलीकडे जगवायची सोयच कोणी करून ठेवली नव्हती. त्यामानाने हल्लीच्या मुली काय करतात? तर सात-सात भाग नुसत्या लाजतात. हे ध्यानात आल्यापासून मी जिन्यांच्या आणि खिडक्यांच्या चित्रांवर चिडणं बंद केलं. लाजा बायांनो. जिवंत राहा आणि हव्या तितक्या लाजा.

हा मोठेपणा मात्र सातव्या भागापर्यंतच टिकला. सहाव्याच्या शेवटी युउच्या तोंडून अखेर तो सुकी शब्द बाहेर पडतो आणि नको तिथे सगळं फिसकटतं. सातव्यात सहल क्योतोला जाते, आणि तोउकोवर मनातून प्रेम करणारी तिची वर्गमैत्रीण सायाका तिथे धीर करून तिला सांगून टाकते. नकार मिळतो. माझा जीव तोउकोपेक्षा या सायाकात जास्त अडकला. शिंदेताईंचाही. ("हिच्यासाठी बघा हो कुणीतरी," असं त्या मला म्हणाल्या. मी लग्नं जमवते हे त्यांना माहीत आहे.) आणि आता तोउको युउकडे जाणार, काय बोलणार, अशा ऐन जागी सातवा भाग संपला.

आठवा नव्हता. पलंगाखाली, पिशवीत, कपाटावर, कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्धा डबा माझ्याकडे बघत होता. मेथीवाल्या काकू तर म्हणाल्या, "आम्हाला या नादाला लावायचंच नव्हतं मग."

रात्री भाचीला फोन लावला. "अगं, आठवा कुठे आहे?"

"तो ना... तो इथे आहे. म्हणजे दिलाय एकीला वाचायला."

"कोणाला?"

पलीकडून काही आलं नाही. लाइन कट झालेली नव्हती, मागे मिक्सर लागल्याचा आवाज येत होता. एरवी मी "हॅलो, हॅलो" केलं असतं. पण सात भाग वाचलेली बाई होते मी. मला स्पष्ट दिसलं, ही रिकामी चौकट आहे. हिच्यात विजेचा खांब असतो, तारा असतात, नाहीतर दाराशी काढून ठेवलेले बुटांचे दोन जोड.

"मैत्रिणीला," ती म्हणाली.

आडनाव काय, गाव कुठलं, करते काय. मावशीचे तिन्ही प्रश्न दातांपर्यंत येऊन उभे राहिले. मी आवंढा गिळला. मिक्सर थांबला. कोणीतरी काहीतरी विचारलं आणि भाची फोनवर हात ठेवून हळूच म्हणाली, "मीठ घालून झालंय."

"तिला सांग, पानं दुमडू नकोस म्हणावं," मी म्हटलं.

"नाही दुमडत ती." हे मात्र लगेच आलं, मध्ये एकही टिंब न पडता.

"आणि पोस्टाने पाठवायचं नाही, हरवतं. शनिवारी सुट्टी आहे ना? हातानेच आणा."

'आण' नाही, 'आणा' म्हटलं मी. आणि हा मान देण्याचा प्रकार नव्हता. भाचीला मी तिच्या बारशापासून अगं-तुगं करत आलेय.

फोनवरून आणखी एक रिकामी चौकट गेली. चांगली लांबलचक, अख्ख्या पानाची.

"बरं," ती म्हणाली. "दुपारी येतो आम्ही. तिला सुकी भाजी आवडते."