चित्रकलेचा तास म्हणजे धर्मशाळा!

गणिताचा पोर्शन राहिलाय? घ्या चित्रकलेचा तास. संचलनाची तालीम? घ्याच! पाहुणे येणार, रांगोळी काढा सर. फलक लिहा सर. प्रमाणपत्रांवर नावं टाका, तुमचं अक्षर छान आहे ना! अहो, मी शिकवू कधी?

आणि वर्षभर 'चित्रं काढून पोट भरतं का' म्हणणारे पालक इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या तोंडावर दारात हजर. ए ग्रेडला दहावीत 7 गुण मिळतात ना! मग पोरं स्मरणचित्र, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचं चित्र, क्लासमधून चक्क पाठ करून येतात. विषय भाजी मंडई असो की बसथांबा, डावीकडे तीच छत्रीवाली बाई, उजवीकडे तोच पाठमोरा माणूस. पाठमोराच, कारण चेहरा काढायला शिकवलंय कुणी? स्मरण कुणाचं? क्लासवाल्याचं! एखाद्या पोरीनं आकाश जांभळं रंगवलं, तर घरून चिठ्ठी: 'सर, चुकीचं शिकवू नका.'