५३ सेकंदांची फ्लाइट? थोडं थांबा

एक फॉरवर्ड परत फिरतोय, की स्कॉटलंडमधे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे विमान रोज ५३ सेकंदात पोचतं, आणि सोबत फोटो कसला तर भल्यामोठ्या जेटचा. बेटं खरी आहेत, ऑर्कनी नावाच्या बेटसमूहातली, फ्लाइटही खरी, लोगनएअर १९६७ पासून चालवतंय, पण ५३ सेकंद हा रेकॉर्ड आहे हो, वारा पाठीशी असताना कधीतरी झालेला! टाइमटेबलमधे २ मिनिटं धरलेली असतात आणि साधारण दीड-दोन मिनिटं लागतातच, कारण वारा कुठून येतोय त्यावर टेकऑफ-लँडिंगची दिशा ठरते, दिशा उलटी पडली की वळसा आला. अंतर सुमारे २.७ किमी, म्हणजे मोठ्या एअरपोर्टच्या एका रनवेएवढंच.

आणि ते जेट वगैरे काही नाही, आयलँडर नावाचं दोन पंख्यांचं चिमुकलं विमान आहे, आठेक प्रवासी, पायलटच्या शेजारची सीटसुद्धा प्रवाशाला मिळते. एवढ्याशा अंतरात ते फार उंच जातच नाही, खाली समुद्र नीट दिसतो. हां, 'जगातली सगळ्यात छोटी शेड्यूल्ड फ्लाइट' हे मात्र बरोबर लिहिलंय.