मळ्यातून मार्केटापर्यंत

मळा या पणजीच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरातून मार्केटात पोचायला मला वीस-बावीस मिनिटं लागतात. पायी. परत यायला मात्र पाऊण तास, कारण हातात पिशवी दिसली की वाटेत दोघी-तिघी तरी थांबवतात. आज काय मिळालं, बांगडे कसे दिले, तारली ताजी होती का. गेली एकोणीस वर्षं हे चाललंय आणि मला त्याचा एक दिवसही कंटाळा आलेला नाही.

लिहायचं कारण म्हणजे माझी पुण्याची मावसबहीण. गेल्या आठवड्यात दोन दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, "छान आहे गं तुझं गाव, पण एवढ्याशा जागेत कोंडल्यासारखं नाही होत?" बस सुटायची वेळ झाली होती, उत्तर राहून गेलं. ते आज देते.

एवढीशी आहे, हे खरंच. महापालिकेची हद्द आठ-सव्वाआठ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास. राजधानीचं शहर म्हणून कुणालाही किरकोळ वाटेल. पण मी सावंतवाडीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, आणि पहिल्याच वर्षात लक्षात आलं की शिकायची गरजच नाही. खाडीवरचा पूल ओलांडून पाटोला गेलं की दहा-बारा मिनिटांत सेंट्रल लायब्ररी. १८३२ साली सुरू झालेली संस्था आहे ती. माझी दोन्ही मुलं तिथल्या मुलांच्या विभागात वाचायला शिकली. उलट्या दिशेने नदीकाठानं चालत राहिलं की जुना सचिवालय, आदिलशहाचा वाडा. शेजारी संमोहनशास्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या आबे फारियाचा पुतळा. पुढे जुन्या मेडिकल कॉलेजची देखणी इमारत, मग कांपालची मोठाली झाडं आणि कला अकादमी. मराठी नाटक बघायला संध्याकाळी चालत जायचं आणि नाटकावर बोलत बोलत रात्री चालत परत यायचं, ही चैन किती शहरांत करता येते मला सांगा.

नवे लोक विचारतात, इथे रस्ते इतके सरळ कसे? तर मुळात ही सगळी दलदल, माडांची बागायत आणि वाळूच्या टेकड्या. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरायला लागली, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉय इथल्या वाड्यात राहायला आला. पुढे १८२७ नंतरच्या काही वर्षांत दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या व्हाइसरॉयने दलदल बुजवून, टेकड्या सपाट करून रस्ते आखले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. म्हणजे जमीन पाण्याकडून मागून घेतलेली. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी आपली जागा परत मागतं, आणि आमच्या मळ्यात ते सगळ्यांत आधी येतं. जुलैत आम्ही भरतीची वेळ बघूनच तांदळाचा डबा वर ठेवतो.

चर्च स्क्वेअरवरून जाताना सासूबाई अजूनही दोन मिनिटं थांबतात. पायऱ्या चढायला आता जमत नाही, पण घंटेचा आवाज त्यांना आवडतो. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन मठ ओस पडला, त्याची ही घंटा, १८७१ मध्ये इथे चढवली. गोव्यातली दुसरी सगळ्यांत मोठी. आमच्या घरात सांजवात लागते ती बऱ्याचदा त्याच सुमारास, आणि लहानपणी माझ्या मुलीला वाटायचं की ती घंटा आमच्या देवासाठीच वाजते. तिला कुणी दुरुस्त केलं नाही.

सकाळी साडेसहाला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजतो. समोरच्या आंटी खिडकीतून विचारतात, "बाय, पोदेर आयलो गे?" त्यांची ती खिडकी तुम्ही बघायलाच हवी. काचेऐवजी शिंपांची. तळहाताहून लहान, घासून पातळ केलेले चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले. बाहेर कितीही रखरखीत ऊन असो, आत ताकासारखा उजेड पडतो. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा हात लावून बघितलं होतं. गार लागतं.

अशा घरांसमोर रोज सकाळपासून फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. लग्नाआधीच्या शूटिंगसाठी लोक साड्या बदलायला आमच्या पायरीचा आडोसा घेतात. आंटींनी दाराला पाटी लावली, तर पाटीचाच फोटो. येणाऱ्यांवर माझा राग नाही. सुंदर गोष्ट बघावीशी वाटणारच. पण आत एक म्हातारी बाई झोपली आहे, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही, याचं वाईट वाटतं.

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. या शहराची मजा रंगवलेल्या भिंतींत नाही. ती माणसं इथे राहतात यात आहे. घरातला शेवटचा माणूस गेला की गल्लीतला एक आवाज कमी होतो. पोदेराचे चार पाव कमी होतात. गेल्या काही वर्षांत आमच्या आसपास कितीतरी घरं गेस्ट हाऊस झाली, काहींना नुसतंच कुलूप. त्यामागे लोभच असतो असं नाही. चिऱ्याची भिंत, चुन्याचा गिलावा, वर कौलं. दर मे महिन्यात घर शाकारायला लागतं आणि आता ते करणारा माणूस मिळता मिळत नाही. शिवाय आपला नागरी कायदा पोर्तुगीजांच्या काळापासूनचा. मुलगा-मुलगी समान वाटेकरी, आणि ते उत्तमच आहे. पण चौथ्या पिढीला एका घराचे चौदा मालक होतात, एक लिस्बनला, दोन कॅनडात, आणि एक कौल बदलायचं तरी सह्या कोण गोळा करणार? या घरांत राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांना डागडुजीसाठी पैसा आणि वाटण्यांच्या कागदपत्रांत मदत मिळाली पाहिजे. भिंतींना रंग देण्याआधी हे व्हायला हवं होतं.

मध्यंतरी दोन-अडीच वर्षं रस्ते खोदून ठेवले होते, तेव्हा आम्ही काय सोसलं ते पणजीकरांना सांगायला नको. रात्री दिवा नाही, कठडा नाही. सासूबाई घरापासून तीस पावलांवर चरात पडल्या, मनगट मोडलं. ठेकेदाराचं कुणी बघायलाही आलं नाही. त्यांचं दुखणं बरं झालं, पण एकटीनं मार्केटात जायचं धाडस गेलं ते गेलंच. चालायच्या शहरात एका बाईचं चालणं बंद करणं याला मी किरकोळ म्हणणार नाही.

आपणही कमी नाही. अठरा जून रस्त्यावरच्या दुकानातून नारळ आणायला गाडी काढतो आणि मग जागा मिळत नाही म्हणून तीन फेऱ्या मारतो. नदीतली कॅसिनोंची जहाजं मला नको आहेत, त्यांच्या झगमगाटात रात्री मांडवीचं पाणी दिसत नाही, एवढंच सांगते. तो विषय मोठा आहे.

रविवारी आम्ही बेतीच्या फेरीबोटीत बसतो. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. काही मिनिटांत पलीकडे, चहा, परत. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा हे सहावीत होते. सासरे म्हापशाला नोकरीला, आणि रोज याच पाण्यावरून फेरीनं जायचे. सासूबाई धक्क्यावर उभ्या राहून बोटी मोजायच्या. अजूनही मधल्या पाण्यात आलो की त्या नकळत मागे वळून धक्क्याकडे बघतात.

मावसबहिणीला आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या उजवीकडचं घर सहा वर्षं बंद होतं. पावसात त्याची कौलं सरकायची आणि आम्ही आमच्या शिडीवरून जमेल तेवढी नीट करायचो. जूनमध्ये तिथे मालकांची पुतणी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन राहायला आली. काल सकाळी त्यांच्या गॅलरीच्या जाळीवर शाळेचा एक ओला युनिफॉर्म वाळत होता. पोदेरानं सायकल थांबवून मला विचारलं, तिथे किती पाव लागतील.